आमचा वाडा शंभर मीटरच्या रेषेवर: दुरुस्ती, पुनर्बांधणी की नुसतं बघत बसायचं?

दिंडीदरवाजा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी इथे पाककृतींच्या धाग्यांवर खादाडी करणारा मी, आज गंभीर विषय घेऊन आलोय.

आमचा वाडा कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या जवळ. दोनचौकी. पुढचा चौक आमच्या वाट्याचा, मागचा चुलतभावाचा. दोन्हींत मिळून सात भाडेकरू. त्यातले तिघे कुलूप लावून कधीच सिंहगड रोडला राहायला गेले, पण ताबा सोडत नाहीत. भाड्याचं काय सांगू, सगळ्यात जास्त देणारे महिन्याला ऐंशी रुपये देतात, तेही दिवाळीला एकदम.

पुढच्या चौकातली माडीची एक भिंत सुटली आहे आणि ओसरीवरच्या तुळयांना वाळवी लागली आहे. यंदा पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस आली. म्हटलं, बरं झालं, आता तरी सगळे एकत्र बसतील आणि वाडा विकसनाला देता येईल. बिल्डर आले. प्रत्येकाने मोबाईलवर शनिवारवाड्यापासूनचं अंतर बघितलं, चहा घेतला आणि पुन्हा फोन केला नाही. फक्त एकजण म्हणाला, "नोटीस आहेच हातात, आधी पाडून जागा मोकळी करा, मग बघू काय होतं ते."

पाडू का? दुरुस्ती करायची तर परवानगी कुणाकडून घ्यायची? आणि हा शंभर मीटरचा नियम नक्की कुठून मोजतात? आमचा पुढचा दरवाजा साधारण ऐंशी मीटरवर येतो आणि मागची भिंत शंभराच्या पुढे जाते, असं गूगलचा नकाशा म्हणतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

वाळवीप्रूफ

जाणकारांच्या प्रतीक्षेत. आमचा शनिवार पेठेतला वाडाही याच रांगेत आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

कडीपाट

मी आर्किटेक्ट आहे, पेठांमधल्या जुन्या बांधकामांचीच कामं जास्त करतो. सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीने लोकांचं फार नुकसान झालेलं पाहिलंय.

आधी सर्वांत तातडीचं. पाडू नका. त्या बिल्डरला चहासुद्धा देऊ नका.

कारण असं. शनिवारवाडा हे केंद्र-संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे त्याला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने अशा प्रत्येक स्मारकाभोवती १०० मीटर 'प्रतिबंधित' आणि त्यापुढे आणखी २०० मीटर 'नियंत्रित' क्षेत्र ठरलं. त्यानंतरही एका सल्लागार समितीमार्फत अपवाद म्हणून परवानग्या मिळायच्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली, आणि २०१० च्या दुरुस्तीने संसदेने दार पक्कं लावून घेतलं. आता प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम नाही. कुणालाच नाही.

मग काय चालतं? १६ जून १९९२ पूर्वी उभी असलेली इमारत असेल तर तिच्या मालकाला 'दुरुस्ती आणि नूतनीकरणा'साठी अर्ज करता येतो. कायद्याने 'पुनर्बांधणी' वेगळी धरली आहे: होती त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणं. ही पुनर्बांधणी नियंत्रित क्षेत्रात परवानगीने करता येते, प्रतिबंधित क्षेत्रात नाही. म्हणजे तुमचा पुढचा चौक आज उभा आहे म्हणून तुम्हाला दुरुस्तीचा हक्क आहे. उद्या तो पाडलात तर दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि तसाच्या तसा परत बांधायलाही मनाई. तुमच्या हातात कसब्यातला एक मोकळा तुकडा राहील, त्यावर फार तर दुचाक्या लावा.

विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही शिक्षेचं वेगळं कलम आहे. म्हणून 'वर ओळख आहे, करून घेऊ' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ओळखीचा माणूस इथे स्वतःची मान अडकवणार नाही.

अंतराबद्दल: ते दिल्ली दरवाज्यापासून मोजत नाहीत, तटापासून मोजतात असंही गृहीत धरू नका. संरक्षित म्हणून अधिसूचित झालेल्या हद्दीपासून, सगळ्या दिशांना मोजायचं. गूगलवर बोट ठेवून काढलेल्या अंतराला काही अर्थ नाही. रीतसर मोजणी करून घ्या. तुमच्या बाबतीत तर ती फारच महत्त्वाची आहे, कारण बंदी क्षेत्रावर आहे. मिळकतीचा जो भाग रेषेच्या पलीकडे पडेल तो नियंत्रित क्षेत्रात जातो, आणि तिथे पुनर्बांधणीच काय, नव्या बांधकामालाही अर्ज करता येतो.

---

नदीपात्र

कडीपाट यांनी कायदा छान सांगितला. आता कायद्यातली अक्कल कुणी सांगेल का?

आत शनिवारवाड्यात आहे काय? १७३० साली पायाभरणी झाली हे खरं, पण मूळ महाल १८२८ च्या आगीत जळून गेले. उरले तट, दरवाजे, जोती आणि कारंजं. त्या जोत्यांच्या संरक्षणासाठी बाहेरचे, अजून माणसं राहत असलेले, कोरीव खांबांचे खरे वाडे दर पावसाळ्यात कोसळू द्यायचे! पेशवाईतली पेठ वाचवायची असेल तर ती या वाड्यांत आहे. पण कायद्याच्या लेखी वाडा म्हणजे स्मारकाच्या शेजारची अडगळ.

आणि वारसा-वारसा करणारे सगळे कोथरूडला लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये राहतात. रविवारी वारसा-फेरीला येतात, आमच्या दिंडीचे (मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दाराचे) फोटो काढतात, मिसळ खातात आणि जातात.

---

अत्तरदाणी

नदीपात्र, मी ती फेरीवाली. :) कोथरूडची नाही, औंधची.

बंदी नसती तर काय झालं असतं तेही सांगा. तटाला लागून बारा मजली 'पेशवाई हाइट्स' उभी राहिली असती आणि तिच्या जाहिरातीत शनिवारवाड्याचाच फोटो असता. तुमचा राग बरोबर आहे, पण बंदी काढा म्हणून प्रश्न सुटणार नाही. कोरीव खांब तेव्हाही जुन्या बाजारातच गेले असते.

---

नदीपात्र

बारा मजली नको. आहे तेवढंच, दोन मजली, कौलारू, दिंडीसकट परत बांधू द्या. मागणी एवढीच आहे. त्यालाही नाही म्हणतात, तिथे डोकं फिरतं.

---

कडीपाट

या मुद्द्यावर मी नदीपात्र यांच्या बाजूने आहे. शंभर मीटरचं वर्तुळ हे स्मारकाभोवतीचं कुंपण आहे, त्याला वारसा परिसर म्हणता येत नाही. वर्तुळाच्या आत काय आहे, दोनशे वर्षांचा वाडा की १९८५ ची आरसीसी इमारत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. देशभरातल्या जवळपास ३,७०० केंद्र-संरक्षित स्मारकांना एकच फूटपट्टी. त्यात ताजमहाल आहे आणि हमरस्त्याकडेचे कोस मिनार, म्हणजे अंतर दाखवणारे जुने मनोरेही आहेत. यादी आणि ही फूटपट्टी दोन्ही तपासायला हवीत असं आता दिल्लीतही बोललं जातं. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा २०२३ चा अहवाल यावरच आहे.

२०१० च्या कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी वेगळे 'वारसा उपविधी' करायची तरतूद आहे, म्हणजे स्थानिक परिस्थिती पाहून नियम. ते बऱ्याच स्मारकांचे व्हायचेच आहेत.

जाता जाता गंमत. कायद्यातल्या 'बांधकाम' या व्याख्येतून सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या वगळल्या आहेत. म्हणजे दिंडीदरवाजा यांना वाड्याच्या जागी वाडा बांधता येत नाही, पण...

---

वाळवीप्रूफ

=)) पुण्यात त्याचीही गरज आहेच म्हणा.

---

मंडईमास्तर

मेट्रोचं विसरू नका. वनाज-रामवाडी मार्ग नगर रस्त्याने सरळ जायचा होता. आगाखान पॅलेसची प्रतिबंधित हद्द आडवी आली, तर अख्खी मेट्रो कल्याणीनगरमधून वळवली. हजारो कोटींच्या प्रकल्पाची ही गत, तर आमची काय कथा. फरक इतकाच की मेट्रोला वळता येतं. वाडा कुठे वळवणार?

---

गिरगावकर

पुणेकरांनो, तुमच्याकडे एक वर्तुळ तरी आहे. आमच्याकडे यादी आहे. आता मुंबईची गोष्ट ऐका.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिलीच. इमारतींना श्रेणी १, २ आणि ३, आणि शिवाय 'वारसा परिसर'. म्हणजे एकेक इमारत थोर नसेल, पण सगळी गल्ली मिळून काहीतरी आहे. आमची खोताची वाडी त्यात आहे. वांद्र्याची जुनी गावठाणं आहेत, माझगावची म्हातारपाखाडी आहे. श्रेणी १ मध्ये जवळपास कशालाच हात लावायचा नाही. श्रेणी २ मध्ये आतून बदल चालतात, बाहेरचं रूप सांभाळायचं. श्रेणी ३ मध्ये बरीच ढील. या सगळ्यावर वारसा संवर्धन समिती.

मालकाला यात काय मिळतं? निर्बंधांमुळे जेवढं बांधकाम तुम्हाला करता येत नाही, तेवढा टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हस्तांतरणीय हक्क, तो विकून पैसे उभे करायचे. विचार उत्तम. कडीपाट ज्या कुंपणाबद्दल बोलताहेत, त्याच्या उलट इथे निदान 'तुमचं नुकसान होतंय' हे मान्य केलेलं आहे. पण प्रत्यक्षात टीडीआर हा बाजारात चढउतार होणारा कागद आहे. तो मिळवायला वेळ लागतो, आणि सहा हिस्सेदारांच्या सह्या गोळा करता करता माणूस म्हातारा होतो.

परिणाम? खोताच्या वाडीत ६५ घरं होती म्हणतात. त्यातली निम्म्याहून जास्त गेली. गेली ती काही यादीत नव्हती म्हणून नव्हे. मालक थकले, मुलं परदेशी गेली, लाकडी जिना आणि मंगलोरी कौलं दुरुस्त करायचा खर्च झेपेना. यादीने घर पाडायला उशीर होतो. घर उभं ठेवायचं तर पैसे लागतात.

---

शिपाकर

आणि २०१२? जुलैअखेरीस नवी प्रस्तावित यादी आली, नऊशेच्या वर नोंदी. त्यात शिवाजी पार्क परिसर, दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, बीडीडी चाळी. आमच्या इमारतीत एका रात्रीत सगळे वारसातज्ज्ञ झाले. ज्यांचे बिल्डरशी करार जवळपास झाले होते त्यांची झोप उडाली. मैदानावर सभा, हरकतींचे गठ्ठे. माझे वडील तेव्हा म्हणाले होते, "मला पार्क जपायचंय. पण पंचाहत्तराव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर चढून जपायचं नाही, लिफ्ट द्या."

यादी करणाऱ्यांनी लोकांना आधी विचारलं असतं तर निम्मा विरोध झाला नसता असं माझं मत. इथल्या लोकांना आपली गल्ली आवडतेच. पण वर्तमानपत्र उघडलं आणि आपलं घर यादीत, हे कुणाला रुचेल?

---

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. इकडे 'कॉन्झर्व्हेशन एरिया' हा प्रकार १९६७ च्या कायद्याने सुरू झाला, स्टॅमफर्ड हे पहिलं गाव. आज एकट्या इंग्लंडमध्ये असे दहा हजारांच्या आसपास परिसर आहेत. आमचं घर त्यातल्या एका गल्लीत, व्हिक्टोरियन काळातलं, कुणी थोर माणूस त्यात राहिलेला नाही.

काय काय करता येत नाही? घर पाडायला परवानगी लागते. परसातलं झाड छाटायचं असेल तरी सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं (बारीक झाडं सोडून). काही परिसरांत आणखी कडक आदेश असतो. मग पुढच्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायच्या तर रीतसर अर्ज करा आणि बहुधा नकार घ्या. भरपाई शून्य, टीडीआर वगैरे नाही. थंडीत खिडकीतून वारा येतो तो मुकाट्याने सोसायचा.

तरी लोक अशा गल्ल्यांत घर घ्यायला धडपडतात. किमती पडत नाहीत, उलट चढ्याच असतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा २०१२ चा अभ्यासही तेच सांगतो. मला वाटतं कारण सोपं आहे: शेजाऱ्यालाही आठ मजले चढवता येत नाहीत. नियम सगळ्या गल्लीला सारखा, म्हणून गल्ली जशी आहे तशी राहणार याची खात्री विकत घेतली जाते.

---

नदीपात्र

टेम्सकाठी, तुमच्याकडे जुनं घर म्हणजे घर असतं. आमच्याकडे जुनं घर म्हणजे न वापरलेला एफएसआय (त्या जागेवर बांधायला मिळणारं क्षेत्र). सगळा फरक इथे आहे. कसब्यात रेषेच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस, दोघांचे वाडे एकाच सुताराने बांधलेले असतील. पण पलीकडच्याला नवा फ्लॅट आणि पार्किंग, अलीकडच्याला टेकू. मग अलीकडच्याला स्वतःचा वाडा शत्रू वाटणारच.

---

गिरगावकर

हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं. +१

---

माजघर

मी भाडेकरूची मुलगी. आतापर्यंत सगळी चर्चा मालकांची चालली आहे म्हणून लिहिते.

दिंडीदरवाजा, तुमचे ऐंशी रुपये वाचून हसू आलं, कारण आमचं भाडंही त्याच्याच आसपास होतं. पण आमच्या खोल्यांची कौलं बाबांनी बदलली, वायरिंग बाबांनी केलं, मोरीला फरशी आईने दागिना मोडून घातली. मालक वर्षातून एकदा यायचे, पावती द्यायला. सामायिक संडास, रात्री जायचं तर कंदील आणि भाऊ दोन्ही बरोबर. वाड्याचं प्रेम मला पण आहे, पण ज्यांनी तो संडास वापरला नाही त्यांनी मला पुनर्विकास वाईट असतो असं सांगू नये.

कुलूप लावून गेलेल्यांबद्दल म्हणाल तर ते लोभी नसतात सगळे. त्यांच्याकडे त्या खोलीखेरीज दुसरा कागद नाही. तो सोडला की हातात काही नाही.

---

दिंडीदरवाजा (धागाकर्ता)

माजघर, तुमचं म्हणणं पोचलं. आमच्याकडच्या भाडेकरूंपैकी दोघांनी अशीच स्वतःच्या खर्चाने कौलं घातली आहेत, मान्य.

पण हिशोब मालकाच्या बाजूने पण बघा. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. ऐंशीचे चार टक्के म्हणजे तीन रुपये वीस पैसे. त्यात तुळई सोडा, तुळईला मारायचं वाळवीचं औषधही येत नाही. मुळात १९४० च्या सुमाराची भाडी धरून ठेवली, तिथेच वाड्यांचं मरण लिहिलं गेलं. शंभर मीटरवाले नंतर आले.

---

अत्तरदाणी

हे मात्र पटलं. सगळा दोष पुरातत्त्व खात्यावर ढकलतात, पण रेषेच्या बाहेरचे वाडेही पडलेच की. नारायण पेठेत कुठलं स्मारक आडवं आलं होतं?

---

सनद_नसलेला_वकील

सनद आहे, आयडीची गंमत आहे. दोन-तीन गोष्टी.

एक, भाडेकरू. इमारत पडली किंवा महापालिकेने पाडली की भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो असा मालकांचा लाडका समज आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की महापालिकेने इमारत पाडल्याने भाडेकरार संपत नाही, जागेवरचा हक्क राहतो. त्यामुळे 'नोटीस आली, सुंठीवाचून खोकला गेला' असं धरून चालू नका. प्रतिबंधित क्षेत्रात तर दोघंही अडकतात. जागेवर हक्क आहे, पण त्यावर बांधता काहीच येत नाही.

दोन, ती नोटीस. धोकादायक इमारतीची नोटीस दुर्लक्षून चालणार नाही, खाली कुणी सापडलं तर जबाबदारी तुमची. पण नोटिशीला उत्तर देता येतं. स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल जोडा, तात्पुरते टेकू लावा, धोक्याच्या खोल्या रिकाम्या करा आणि लेखी कळवा की दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज केलेला आहे. पत्राच्या पोचेवर शिक्का घ्या. दोन कायदे दोन दिशांना ओढत असताना तुमच्याकडे असलेला कागद हाच तुमचा बचाव.

तीन, विक्री. प्रतिबंधित क्षेत्रातली मिळकत विकायला बंदी नाही, बंदी बांधकामाला आहे. त्यामुळेच फसवणूक होते. स्वस्तात वाडा मिळाला म्हणून लोक घेतात आणि नंतर कळतं. पेठेत काही घेणाऱ्यांनी प्रॉपर्टी कार्डाइतकंच या रेषेकडेही बघावं.

---

पणजीचो_सुशेगाद

गोव्यातून. केंद्राचा हा कायदा आमच्याकडेही आहे, आणि 'दुरुस्ती' या शब्दाची दुसरी बाजू आम्ही पाहिली. २०२१ मध्ये जुन्या गोव्यात संरक्षित चर्चच्या जवळ एका बंगल्यावरून मोठं आंदोलन झालं. दुरुस्तीच्या परवानगीवर नवं बांधकाम उभं केलं असा लोकांचा आरोप होता. तेव्हा दुरुस्तीची व्याख्या जरा सैल करा म्हणताना हेही ध्यानात असू द्या. सैल झालेल्या फटीतून आधी कोण शिरतं ते सगळ्यांना माहीत आहे.

---

कोल्हापुरी_ठेचा

माझा प्रश्न. आमच्या घराजवळ जुनं देऊळ आहे, बाहेर राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाची पाटी आहे. आम्हालाही शंभर मीटर लागू?

---

कडीपाट

ठेचाभाऊ, २०१० चं हे शंभर-दोनशे मीटरचं प्रकरण केंद्र-संरक्षित स्मारकांचं. राज्य-संरक्षित स्मारकांना १९६० चा महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. पाटी नीट वाचा, आणि बांधकाम परवानगी घेताना स्थानिक विकास नियमावलीत त्या देवळाभोवती काही निर्बंध आहेत का ते लेखी विचारून घ्या.

दिंडीदरवाजा, आता तुमच्या कामाचं. अर्ज ऑनलाइन होतो. तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. नियंत्रित क्षेत्रातल्या कामासाठी त्यांनी पंधरा दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रस्तावात त्रुटी निघाली की घड्याळ थांबतं, म्हणून पहिल्याच फेरीत सगळं द्या. प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, इमारत १९९२ च्या आधीची असल्याचा पुरावा. मिळकतकराच्या जुन्या पावत्या सगळ्यात उत्तम, लोक त्या रद्दीत देतात. आणि आज, म्हणजे खरोखर आज, वाड्याचे फोटो काढा. प्रत्येक खण, प्रत्येक खांब, जिना, दिंडी, कौलांची उंची टेप लावून. उद्या एखादी भिंत पावसात गेली तर ती तिथे होती हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसेल.

प्रत्यक्ष कामाबद्दल एक कळकळीची विनंती. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते आणि वरून गुळगुळीत दिसत राहते. मी उघडून पाहिलेल्या सुटलेल्या भिंतींपैकी बऱ्याच अशाच 'दुरुस्त' केलेल्या होत्या. चुना वापरा. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरलेत, पण आहेत. तुळई सगळी बदलावी लागतेच असं नाही. बहुतेक वेळा भिंतीत गेलेलं टोक कुजतं, मधलं सागवान ठणठणीत असतं. तेवढं टोक कापून नवा तुकडा सांधता येतो. कडीपाट (कड्या-फळ्यांचं लाकडी छत) काढून वर स्लॅब टाकण्याचा मोह तर अजिबात नको. (आयडी उगाच घेतलेला नाही.) त्या भिंतींना ते वजन पेलणार नाही, आणि ती दुरुस्ती आहे हे कुणाला पटवूनही देता येणार नाही.

आतमध्ये संडास-बाथरूम, नवं वायरिंग, स्वयंपाकघर हे सगळं नूतनीकरणाच्या अर्जात मांडता येतं. माजघर यांचा मुद्दा इथे सुटतो. घेर आणि उंची वाढवायची नाही, एवढं पथ्य.

---

नदीपात्र

आणि पैसे? हे सगळं करायला पैसे कुठून? अहमदाबादच्या पोळांमधल्या (जुन्या गल्लीवस्त्यांमधल्या) मालकांना वारसा घर जपल्याबद्दल टीडीआर मिळतो. शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा झालं, त्याच्या आगेमागे त्यांनी हे केलं. मुंबईत आहे. आपल्याकडच्या नियमावलीतही यादीतल्या वारसा वास्तूंना टीडीआर आहे. मग शंभर मीटरच्या आतल्या साध्या वाड्याला का नाही? बंदी केंद्राची आणि टीडीआर राज्याचा, म्हणून दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं?

---

कडीपाट

बरोबर नेमकी तीच फट आहे. यासाठी स्मारकाच्या कायद्याला हात लावायचीही गरज नाही. राज्याने ठरवलं तर प्रतिबंधित क्षेत्रातल्या मालकाला, वाडा दुरुस्त करून उभा ठेवण्याच्या अटीवर, न वापरता येणाऱ्या क्षेत्राचा टीडीआर देता येईल. दुरुस्ती झाल्यावर द्या, आधी नको, म्हणजे पैसा वाड्यातच जाईल. आणि त्यातला वाटा भाडेकरूंनाही, नाहीतर ते सही देणार नाहीत. निवडणुकीत सगळे 'शंभर मीटरचा प्रश्न सोडवू' म्हणतात. कसा ते विचारलं की दिल्लीचं नाव सांगतात.

---

दिंडीदरवाजा (धागाकर्ता)

उशिरा लिहितोय, क्षमस्व. अपडेट.

इंजिनियर येऊन गेला. सुटलेल्या भिंतीला टेकू लावले, त्या बाजूच्या दोन्ही बिऱ्हाडांना तूर्त मागच्या रिकाम्या खोल्यांत हलवलं. नोटिशीला उत्तर दिलं, पोच घेतली. मिळकतकराच्या पावत्या आईच्या ट्रंकेत निघाल्या, अगदी १९५८ पासूनच्या.

मोजणी झाली. पुढचा चौक पूर्ण रेषेच्या आत. मागचा जवळजवळ सगळा बाहेर, एक कोपरा सोडून. म्हणजे आमच्या वाट्याला दुरुस्ती, आणि चुलतभावाच्या वाट्याला अर्ज केला तर नवी इमारतही.

मी सुचवलं की मागे जे होईल त्यात दोघांनी आणि भाडेकरूंनी सोबत राहायचं, त्यातून पुढच्या चौकाची दुरुस्ती करायची, वाडा एकच आहे. तो तेव्हा हो म्हणाला. मोजणीचा नकाशा हातात पडल्यावर मात्र गप्प झाला. काल त्याने वाटणीपत्राची प्रत मागितली.

---

सनद_नसलेला_वकील

वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का?

---

दिंडीदरवाजा (धागाकर्ता)

नाही. १९७१ चं, साध्या कागदावर. आजोबा आणि त्यांच्या भावाच्या सह्या, साक्षीदार गल्लीतलेच. 'पूर्वीच तोंडी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून लिहून ठेवले' अशी सुरुवात आहे.

---

सनद_नसलेला_वकील

मग ती पहिली ओळ फार महत्त्वाची आहे, सगळा कागद बघावा लागेल. त्याला प्रत देण्याआधी मूळ कागद स्कॅन करा आणि सुरक्षित ठेवा. प्रॉपर्टी कार्डावर आज कुणाकुणाची नावं आहेत तेही कळवा. बाकी इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.